निरोगी मेंदू कोणाचा?

मेंदूचे संशोधन फक्त आजारी माणसांवर होते, असा आपल्या वस्त्यांत समज आहे. तो चुकीचा आहे. बिघाड ओळखायचा तर धडधाकट मेंदू कसा असतो, हे आधी ठाऊक पाहिजे. म्हणून निरोगी स्त्री-पुरुष निवडून एमआरआय यंत्रात त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतात, रक्तातून जनुके वाचतात. ही निवड ज्याच्या हाती, 'निरोगी' या शब्दाचा अर्थ त्याच्या हाती!

जगभर वर्षानुवर्षे वापरलेला एक मापदंड कॅनडातील मॉन्ट्रियल येथे 152 निरोगी माणसांवरून ठरला. 2019 साली हैदराबादच्या ट्रिपल आयटीने 100 भारतीयांच्या एमआरआयवरून स्वतंत्र नकाशा केला, तेव्हा भारतीय मेंदू सरासरीने आकाराने लहान भरला. त्यात कमीपणा काही नाही. पण परक्या मापाने आमचा निरोगी माणूसही रोगी ठरू शकतो.

मग 'भारतीय' म्हणजे कोण? 2020 साली सुरू झालेल्या जीनोम इंडिया प्रकल्पात सुमारे 10,000 निरोगी लोकांची जनुके वाचली गेली. सहभागी 20 संस्थांत पुण्याच्या पाषाणची आयसरही होती. माणसे 83 समाजगटांतून घेतली. गट कशासाठी? जातीतच लग्न हे जातीचे मर्म, असे बाबासाहेबांनी 1916 सालीच कोलंबिया विद्यापीठातील निबंधात मांडले. शतकानुशतकांच्या या बेटीबंदीने काही आजारांची जनुकेही गटागटांत कोंडली गेली. म्हणून प्रत्येक गटाची नोंद हवी.

पण स्वयंसेवक हवेत ही सूचना इंग्रजीत, कॉलेजच्या फलकावर लागली, तर ताडीवाला रोडची कचरा वेचणारी भगिनी तिथे पोचणार कशी? लेखी चाचणीत शाळा न पाहिलेला माणूस 'मंदबुद्धी' ठरला, तर दोष मेंदूचा की शाळा नाकारणाऱ्या व्यवस्थेचा?

आम्ही वकिली करतो. सही आणि संमती यांतले अंतर रोज पाहतो. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार माहिती समजेल अशा भाषेत द्यावी लागते, निरक्षरासाठी तटस्थ साक्षीदार लागतो, कधीही माघार घेता येते. नैतिक समितीत कायदेतज्ज्ञ आणि सामान्य नागरिकही असावा लागतो. त्या खुर्चीवर आमच्या वस्तीतला माणूस का नको?

बांधवांनो, संशोधनाकडे पाठ फिरवू नका. मात्र विचारा: माझे रक्त किती वर्षे ठेवणार? पुन्हा कशासाठी वापरणार? तपासणीत दोष आढळला तर मला सांगणार का? शरीरात पेसमेकर वा धातू असेल तर एमआरआयपूर्वी जरूर सांगा.

मोजणीत आम्ही असलोच पाहिजे. पण कागद समजल्याशिवाय अंगठा नाही!