ओहोटीच्या वेळेवर चालणारा संसार

आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर एक जुनी शिंपी आहे. सासूबाईंनी कधीकाळी गंगाखेडला गोदेच्या वाळूत वेचलेली, कडा झिजून गुळगुळीत झालेली. माझ्या दोन्ही मुलांना गुटी पाजली ती याच शिंपीने, आणि उन्हाळ्यात कैरीची साल काढायला हाताशी येते तीही हीच. शिंपी म्हणजे एवढंच, अशी माझी समजूत होती. तिच्या आत जीव असतो, तो कुणीतरी चिखलातून वेचून आणतं आणि त्यावर एखादा संसार उभा राहतो, हे परभणीच्या माणसाला कसं कळावं? समुद्र आपल्यापासून सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरच्या वर. आपल्याकडे मासे म्हणजे गोदावरीचे, नाहीतर येलदरीच्या धरणातले.

त्यातून मी शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते. भरती-ओहोटीचा धडा आला की फळ्यावर सूर्य, चंद्र, पृथ्वी काढते. ‘अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, अष्टमीला भांगाची भरती’ असं मुली घडाघडा म्हणतात, मार्क मिळवतात आणि विसरतात. खरं सांगायचं तर मीसुद्धा त्यांच्यातलीच एक होते.

धाकट्या बहिणीचं सासर रत्नागिरीला. मागच्या मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन तिच्याकडे गेले. तिच्या दारी एक पन्नाशीच्या मावशी टोपली घेऊन येत. टोपलीत ओल्या गोणपाटाखाली तिसऱ्या. कुणी त्यांना शिंपल्या म्हणतात, कुणी मुळे. पायरीवर बसून मावशी वाटे लावायच्या. मी सहज विचारलं, “मावशी, हे जाळ्यात सापडतं का हो?”

मावशी हसल्या. “जाळं कसलं बाय! हात नि पाय. उद्या तीज हाय. सात वाजता खाडीवर ये, दाखवते.”

पंचांग आणि पाणी

काजळी नदी समुद्राला मिळते ती भाट्याची खाडी. एका अंगाला राजिवडा, दुसऱ्या अंगाला भाट्ये, मधून पूल. आदल्या दुपारी पाहिली तेव्हा ती काठोकाठ भरलेली होती. सकाळी सातला गेले तर पाणी मागे सरलेलं, आणि जिथे पाणी होतं तिथे चिखल-वाळूचं चकचकीत मैदान! त्यात दहा-बारा बायका, साड्या गुडघ्यापर्यंत खोचून, वाकून कामाला लागलेल्या. खारवी, भंडारी, दालदी, सगळ्या घरांतल्या.

मावशींना मी विचारलं, “आज पाणी कधी उतरणार, हे तुम्हाला कालच कसं कळलं?”

त्यांनी जो हिशेब सांगितला, तो कोकणात घरोघर ठाऊक आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, जे येईल ती पूर्ण भरतीची वेळ. शुक्लपक्ष असो की कृष्णपक्ष, प्रतिपदेपासून मोजायचं. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणून सहाला भरती. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. त्यात साधारण सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. त्या दिवशी वैशाख वद्य तृतीया. तीन पाऊणे सव्वादोन, म्हणजे रात्री सव्वादोनला भरती आणि सकाळी साडेआठच्या सुमाराला पाणी तळाला. थोडा इकडेतिकडे फरक पडतो, पण कामापुरता हिशेब चोख.

यात जादू काही नाही. चंद्र रोज जवळजवळ पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही त्याच्यामागे तेवढीच उशिरा येते. फळ्यावर मी हेच शिकवत होते. फरक इतकाच, की माझ्या गणिताचं उत्तर वहीत जात होतं, मावशींचं टोपलीत.

या बायकांचा महिना तिथीवर चालतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास आणि नंतरचे तीन-चार दिवस उधाणाचे. पाणी खूप वर चढतं, तितकंच खूप खाली उतरतं आणि एरवी न दिसणारी वाळू उघडी पडते. हे कमाईचे दिवस. अष्टमी-नवमीला भांग. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. मग त्या दिवसांत फाटी गोळा करणं, गोधड्या धुणं, आजाऱ्याला दवाखान्यात नेणं. ओहोटी पहाटे असेल तर स्वयंपाक रात्रीच उरकायचा, दुपारी असेल तर पोरांना जेवू घालून निघायचं. आपण गॅस सिलेंडर कधी संपणार याचा अंदाज बांधतो ना, तसा त्या पाण्याचा बांधतात.

वर्षाचंही तसंच. पावसाळ्यात डोंगरावरून गढूळ गोडं पाणी उतरतं, खाडीचा खारटपणा जातो आणि वेचणी थांबते. यांत्रिक बोटींनाही महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारीला बंदी असते. पुढे नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला जातो, दिवाळीच्या सुमारास पाणी निवळतं, आणि तेव्हापासून मेअखेरपर्यंत शिंपल्यांचा हंगाम.

पाणी मागून येतं

मावशी अनवाणी चालत होत्या. “चपला काढ, पायाला दिसायला हवं,” म्हणाल्या. पायाला दिसायला! पण ते खरंच होतं. वाळूवर कुठे कुठे दोन बारीक भोकं शेजारी शेजारी असतात. शिंपलीच्या आतला जीव तिथून दोन नळ्या वर काढून पाणी आत घेतो आणि बाहेर टाकतो. नजरेला भोक दिसलं नाही तर टाच दाबून आतलं कठीण काही लागतं का ते बघायचं. मग बोटं खुपसायची, नाहीतर विळ्याच्या टोकाने उकरायचं. मला अर्ध्या तासात सात मिळाल्या. मावशींची पाटी तोवर पाव भरली होती.

मग मी शहाणपणा केला. थोड्या अंतरावर वाळूचा एक उंचवटा दिसत होता. मध्ये घोटाभर पाण्याचा चर. तिकडे कुणीच नाही, म्हणजे खूप असतील, असा माझा हिशेब. गेले. खरोखरच भराभर मिळू लागल्या. पदराच्या ओच्यात मी त्या भरत होते आणि अशी खूश होते, की मान वर करायचं भान नव्हतं.

“अगो बाय, माघारी फिर! आत्ताच्या आत्ता!”

मी समोर समुद्राकडे पाहिलं. लाटा होत्या तिथेच होत्या. मग मागे पाहिलं आणि पोटात गोळा आला. घोटाभर पाण्याचा तो चर रुंद झाला होता, पाणी वेगाने आत शिरत होतं. मी उतरले तर गुडघ्याच्या वर, पुढच्या पावलाला मांडीपर्यंत. खाली चिखल पाय धरून ठेवत होता. ओचा सुटला, शिंपल्या गेल्या. मावशी पाण्यात आल्या, माझं मनगट धरलं आणि मला तिरपं तिरपं ओढत काठावर आणलं. काठावर बहीण रडत उभी होती.

मावशी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “पाणी समोरनं येत नाय बाय, पाठीमागनं येतं. आधी चर भरतो, मग वाळू बुडते. म्हणून आम्ही वेचताना काठाकडे तोंड करून वेचतो.”

मी पाहिलं, खरंच! सगळ्या बायका समुद्राकडे पाठ करून वाकलेल्या होत्या. सकाळपासून ते माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नव्हतं.

घरी आल्यावर मेव्हण्यांनी इंग्लंडमधल्या मोरकॅम्ब उपसागराची हकिकत सांगितली. तिथेही असंच मैलोगणती सपाट मैदान ओहोटीला उघडं पडतं आणि त्यात शिंपल्या वेचतात. २००४ सालच्या फेब्रुवारीत एका रात्री परमुलखातून आणलेले किमान २१ चिनी मजूर तिथे भरतीत सापडून बुडाले. त्यांना तिथलं पाणी ठाऊक नव्हतं. मला त्या रात्री झोप लागली नाही.

लहान ते परत

निघण्याआधी मावशी पाटी पाण्यात हलवून धूत होत्या. धुता धुता नखाएवढ्या बारीक शिंपल्या वेचून परत पाण्यात टाकत होत्या. मी म्हटलं, “एवढ्या कष्टाने काढल्या, आणि टाकता?”

“ही पुढच्या सालची. आज खाल्ली तर पुढच्या साली माझी सून काय वेचील?”

हाच नियम केरळात कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवरात सगळ्यांनी मिळून पाळला आहे. तिथेही अशाच शिंपल्या. त्यांच्या पैदाशीच्या काळात डिसेंबर ते फेब्रुवारी वेचणी बंद ठेवायची आणि बारीक शिंपल्या निसटतील अशीच जाळी वापरायची, असं ठरलं. २०१४ साली या शिंपल्यांना ‘टिकाऊ मासेमारी’चं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. असं प्रमाणपत्र मिळवणारी ती भारतातली पहिली मासेमारी. मावशींकडे प्रमाणपत्र नाही. विरजणाला दही राखून ठेवावं, तितक्या सहज त्या हे करतात.

‘जरा वेचायला गेली होती’

बोटीवर जातो तो खलाशी. जाळं टाकतो तो मच्छीमार. आणि दोन-तीन तास चिखलात वाकून, कालव्यांच्या धारेने पाय कापून घेऊन पाटीभर शिंपल्या आणते, ती? घरचेच म्हणतात, “जरा खाडीत वेचायला गेली होती.” मावशींनी त्या पैशांतून मुलीचं नर्सिंगचं शिक्षण पुरं केलं. तरी ‘काम काय करता’ म्हटल्यावर त्यांचं उत्तर, “काय नाय, घरीच असते.”

मैत्रिणींनो, हे ऐकून मला आपला कापूस आठवला. आपल्याकडेही बाई भर उन्हात दिवसभर वाकून कापूस ‘वेचायला जाते’. शेत मालकाचं, पीक मालकाचं, आणि तिची वेचणी. शब्दसुद्धा तोच!

चित्र थोडं बदलतं आहे, हेही सांगायला हवं. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनं तोडायला मनाई केली. खाडीकाठच्या या झाडांच्या मुळांपाशीच मासळीची नि शिंपल्यांची पिलं वाढतात. २०१७ पासून राज्य सरकारच्या कांदळवन योजनेतून खाडीकाठच्या गटांना कालवं, खेकडे, शिंपले पाळायला मदत मिळू लागली. वेंगुर्ल्याच्या ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायका मांडवी खाडीत होडी वल्हवून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. पण खाडीत सांडपाणी सुटलं, वाळू बेसुमार उपसली, तर पहिलं पोट मारलं जातं ते हातांनी वेचणाऱ्या बाईचं. बोट दुसरीकडे जाऊ शकते, ती कुठे जाणार?

शिंपल्या घरी आणल्यावर

किनाऱ्याला माहेर, सासर किंवा सहल असणाऱ्यांसाठी, मावशींनी आणि बहिणीने शिकवलेलं थोडं:

१. शिंपल्या बंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, गुदमरून मरतात. ओल्या फडक्यात गुंडाळून आणा.

२. लिटरभर पाण्यात दोन मोठे सपाट चमचे मीठ घालून त्यात दोन-तीन तास ठेवा. पोटातली वाळू सोडतात. गोड्या पाण्यात ठेवू नये.

३. शिजवण्याआधी तोंड उघडलेली शिंपली टिचकी मारून बघा. मिटली नाही तर टाकून द्या. उकळल्यावर जी उघडत नाही, तीही टाका.

४. उकळलेलं पाणी फेकू नका. गाळून कालवणात घाला, सगळी चव त्यात. मीठ मात्र बेताने. एका शिंपेला मांस ठेवून दुसरी काढली, की झालं ‘एकशिपी’ कालवण. आंबटाला कोकम.

५. गटाराच्या किंवा कारखान्याच्या पाण्याजवळच्या शिंपल्या घेऊ नयेत. काही विषं उकळूनही जात नाहीत.

६. लोह आणि बी-१२ जीवनसत्त्व यांत भरपूर. पण काहींना अंगावर पित्त उठतं, तेव्हा पहिल्या वेळी चमचाभरच खाऊन बघा.

निघताना मावशींनी मला एक शिंपली दिली, रिकामी, पांढरी, तपकिरी नक्षीची. आता ती आमच्या फळीवर गोदेच्या शिंपीशेजारी आहे. जूनमध्ये शाळा उघडली आणि पुढे भरती-ओहोटीचा धडा आला, तेव्हा ती वर्गात नेली. मुलींना म्हटलं, “आज चंद्र काढायचा नाही. भिंतीवरचं कॅलेंडर बघा, तिथी कोणती? सांगा, रत्नागिरीला पाणी कधी उतरेल?” मुलींनी बोटं मोजली. एकीने हात वर केला, “बाई, साडेआठला!”

तेव्हा आमच्या वर्गातल्या घड्याळात साडेआठला दहा मिनिटं कमी होती. पावसाळा होता, मावशी घरीच असणार हे मला ठाऊक होतं. पण दिवाळीनंतर अशाच एखाद्या तिजेला त्या पाटी घेऊन, समुद्राकडे पाठ आणि घराकडे तोंड करून उभ्या असतील.