बंदुकीचे अपघात आणि आकडेवारीची मर्यादा : भोर व वेल्हे

रानडुकरांकडून होणारी पिकांची नासाडी हा भोर व वेल्हे (राजगड) या डोंगराळ तालुक्यांतील शेतकऱ्यांचा जुना प्रश्न होय. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. हे परवाने सैल करावेत की आवळावेत, या वादात अपघातांचे आकडे दोन्ही बाजूंनी वापरता येतात. म्हणून त्यांच्या मर्यादा जाणणे अगत्याचे ठरते.

पहिली मर्यादा नोंदीची. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा अपघाती मृत्यूंचा वार्षिक अहवाल राज्ये व मोठी शहरे यांचे चित्र देतो, तालुक्याचे नाही. शिवाय निष्काळजीपणामुळे गोळी सुटून मृत्यू झाल्यास गुन्हा दाखल होतो (पूर्वी भारतीय दंड संहिता कलम ३०४-अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता कलम १०६), केवळ इजा झाल्यास कलम बदलते.

दुसरी मर्यादा लहान संख्येची. २०११ च्या जनगणनेनुसार वेल्ह्याची लोकसंख्या सुमारे ५४,५०० होती. समजा, तेथे एका वर्षी असा एक मृत्यू झाला, तर दर लाखामागे १.८ हे प्रमाण येईल; पुढील वर्षी एकही न झाल्यास शून्य. यावरून धोका घटला असे म्हणणे अशास्त्रीय होय.

अनेक वर्षांची बेरीज आणि परवान्यांच्या संख्येशी तुलना केल्याखेरीज निष्कर्ष काढू नये. विनापरवाना बंदुका त्या तुलनेतूनही निसटतात. चुकीच्या अनुमानाची किंमत शेतकऱ्याच्या पिकाने किंवा शेजाऱ्याच्या जिवाने चुकवावी लागते.