खेळाचे वर्णन कोणाच्या मालकीचे?

क्रीडांगणावर सामना चालू असतो. तो आत बसून पाहावयाचा असेल तर तिकीट काढावे लागते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु भिंतीबाहेरच्या एखाद्या उंच जागी उभे राहून कोणी तो सामना पाहिला आणि जे दिसले ते नभोवाणीवरून लोकांना सांगितले, तर त्याने कोणाचे काही घेतले काय? हा प्रश्न चमत्कारिक वाटेल. परंतु अमेरिकेतील एका न्यायालयाला १९३८ साली त्याचे उत्तर द्यावे लागले.

पिट्सबर्ग शहरात पायरेट्स नावाचा बेसबॉलचा धंदेवाईक संघ आहे. फोर्ब्ज फील्ड हे त्याचे त्या काळचे क्रीडांगण. आपल्या सामन्यांचे धावते वर्णन ध्वनिक्षेपित करण्याचा हक्क या संघाने जनरल मिल्स या खाद्यपदार्थांच्या कंपनीला पैसे घेऊन दिला होता. त्याच शहरातील के. क्यू. व्ही. नावाच्या नभोवाणी केंद्राने मात्र संघाला काहीच दिले नाही. त्याने क्रीडांगणाबाहेरची जागा भाड्याने घेतली, भिंतीपलीकडचे दिसेल अशा ठिकाणी पगारी निरीक्षक बसविले आणि त्यांच्या माहितीवरून सामन्याचे वर्णन ऐकवावयास प्रारंभ केला. प्रकरण न्यायालयात गेले. केंद्राचे म्हणणे ऐकण्यासारखे होते. आमची माणसे कोणाच्या आवारात शिरली नाहीत, त्यांनी कोणाला फसविले नाही. डोळ्यांना जे दिसते ते सांगण्यास बंदी कशी असेल?

न्यायाधीशांना हे पटले नाही. सामना आपोआप घडत नाही. खेळाडूंना वेतन द्यावे लागते, क्रीडांगण राखावे लागते, प्रतिस्पर्धी संघाला बोलवावे लागते. हा सर्व भार ज्याने उचलला, त्याचाच त्या सामन्याच्या वार्तेवर मालमत्तेसारखा हक्क आहे, आणि सामना संपल्यावरही काही वाजवी काळ तो टिकतो, असा निर्णय त्यांनी दिला. दुसऱ्याने पेरलेले आपण कापून न्यावे, तसा हा प्रकार ठरला. आश्चर्य असे की, या भांडणात ऐकणाऱ्याचा पैशाशी काहीच संबंध नव्हता. त्याला दोन्हीकडून वर्णन फुकटच मिळत होते. भांडण होते ते जाहिरातदारांच्या पैशासाठी.

फुटबॉलच्या संघांना हा व्यवहार आणखी निराळ्या वाटेने उमगला. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो आपल्या मैदानावर पायाने खेळला जाणारा खेळ नव्हे. तेथील चेंडू लांबट असून तो बहुधा हातांत घेऊन पळावयाचा किंवा फेकावयाचा असतो. आपला फुटबॉल पंचेचाळीस मिनिटे अखंड चालतो. तो प्रत्येक डावानंतर थांबतो. पंधरा मिनिटांचे चार भाग, म्हणजे खेळाचा काळ अवघा एक तास. पण थांबत थांबत सामना संपावयास सुमारे तीन तास लागतात. प्रेक्षकाला हा खोळंबा नकोसा वाटेल. व्यापाऱ्याला मात्र तो सोन्यासारखा, कारण प्रत्येक विश्रांतीत एक जाहिरात बसते.

ओहायो राज्यातील पोर्ट्समथ या लहानशा गावी स्पार्टन्स नावाचा फुटबॉल संघ होता. मंदीच्या काळात त्याचा खर्च गावाला झेपेना. १९३४ साली जॉर्ज रिचर्ड्स यांनी तो सुमारे आठ हजार डॉलरांना विकत घेतला, डेट्रॉइट या मोठ्या शहरात नेला आणि त्याचे नाव लायन्स ठेवले. हे रिचर्ड्स डेट्रॉइटमधील एका प्रबळ नभोवाणी केंद्राचे मालक होते. त्या वर्षी नोव्हेंबरात येणाऱ्या आभारदिनाच्या सणाला त्यांनी शिकागो बेअर्स या बलाढ्य संघाशी सामना ठरविला आणि त्याचे वर्णन देशभरच्या ९४ केंद्रांवरून ऐकविण्याची व्यवस्था केली. लायन्स १९ विरुद्ध १६ गुणांनी हरले. परंतु क्रीडांगण सव्वीस हजार प्रेक्षकांनी भरले होते. घरबसल्या वर्णन ऐकावयास मिळाले तर तिकिटे कोण घेईल, ही भीती त्या काळी पुष्कळांना होती. न्यूयॉर्कच्या तिन्ही बेसबॉल संघांनी तर १९३४ ते १९३८ अशी पाच वर्षे आपल्या शहरातील सामने नभोवाणीवर येऊच दिले नाहीत. रिचर्ड्स यांनी उलटा हिशेब केला. आभारदिनी डेट्रॉइटमध्ये सामना खेळण्याची प्रथा, १९३९ ते १९४४ ही वर्षे वगळता, आजही पाळली जाते. पोर्ट्समथच्या वाट्याला मात्र पुन्हा असा संघ आला नाही.

आता हा करार होतो कसा ते पाहू. समजा, एखाद्या केंद्राने संघाला वर्षाला शंभर रुपये देण्याचे कबूल केले. मग सामन्यातील जाहिरातींचा वेळ ते केंद्र दुकानदारांना, बँकांना, मोटारविक्रेत्यांना विकते. दीडशे रुपये आले तर त्यांतून निवेदकांचे वेतन आणि प्रवासखर्च भागवून उरेल तो नफा. ऐंशीच आले तर तोटा केंद्राचा. संघाला शंभर रुपये मिळतातच. केंद्राला हे ओझे नको असेल, तर दुसरा मार्ग असतो. संघच केंद्राकडून वेळ विकत घेतो, निवेदक स्वतः नेमतो आणि जाहिरातीही स्वतःच विकतो. मग नफाही त्याचा आणि तोटाही त्याचा. काही ठिकाणी दोघे उत्पन्न वाटून घेतात. मुख्य केंद्र एक असते. तेथून निघालेले वर्णन आसपासच्या गावांतील लहान केंद्रे आपापल्या भागात पोहोचवितात. तोट्याचे वर्ष आले तरी काही केंद्रे हा हक्क सोडीत नाहीत, कारण सामन्यासाठी लावलेले केंद्र दुसऱ्या दिवशी सकाळीही तसेच लागलेले राहते.

दूरचित्रवाणीचे तसे नाही. १९६१ साली अमेरिकेत एक कायदा झाला. त्यान्वये सर्व संघांना आपले दूरचित्रवाणीचे हक्क एकत्र करून विकण्याची मुभा मिळाली. येणारी रक्कम संघांत समान वाटली जाते. तो कायदा दूरचित्रवाणीपुरता होता. स्थानिक नभोवाणीचा हक्क ज्याचा त्याच्याकडेच राहिला. त्यामुळे न्यूयॉर्कचा संघ आणि सुमारे एक लाख वस्तीच्या ग्रीन बे गावचा संघ यांना चित्रवाणीचा वाटा सारखा मिळतो. परंतु नभोवाणीचा करार प्रत्येकाने आपल्या हिमतीवर करावयाचा असतो.

ग्रीन बे पॅकर्स हा संघ कोणा एका धनिकाचा नाही. १९२३ पासून गावकऱ्यांनी आणि चाहत्यांनी त्याचे भाग घेतले असून, आज भागधारक पाच लाखांहून अधिक आहेत. त्यांपैकी कोणालाही लाभांश मिळत नाही. जो प्रसंग पोर्ट्समथवर आला तो या गावावर आला नाही, याचे हे एक मोठे कारण होय. १९२९ पासून या संघाचे वर्णन मिलवॉकी या दूरच्या शहरातील डब्ल्यू. टी. एम. जे. केंद्रावरून होऊ लागले. ते केंद्र तेथील ‘मिलवॉकी जर्नल’ या वृत्तपत्राचे होते. विस्कॉन्सिन राज्यातील शेतांवर, गोठ्यांत, मोटारींत लोक ते ऐकत आले. आजही कित्येक घरी चित्रवाणीचा आवाज बंद करून चित्र पाहतात आणि शब्द मात्र नभोवाणीचे ऐकतात. चित्रवाणीचा निवेदक साऱ्या देशाचा, नभोवाणीवरचा आपला.

येथेच या व्यवहारातील नाजूक गाठ आहे. निवेदक कोण असावा, यात बहुधा संघाचाही शब्द चालतो. संघ वाईट खेळला तर त्याने तसे स्पष्ट म्हणावे की नाही? फार कठोर बोलला तर संघ रागावेल. खोटी स्तुती केली तर श्रोता ओळखेल. श्रोत्याला मैदान दिसत नसते. चेंडू कोठे आहे, किती अंतर उरले आहे, कोण पडले आहे, हे सर्व त्याला दुसऱ्याच्या शब्दांवर विश्वास ठेवूनच जाणावे लागते. आपल्या संघाच्या विजयाने निवेदकाला आनंद झाला तर त्यात वावगे काही नाही. पण गुणसंख्या आणि चूक ही दोन्ही त्याने जशीच्या तशी सांगितली पाहिजेत. चांगल्या निवेदकाला हे सांगावे लागत नाही.

नव्वदांहून अधिक वर्षे चाललेला पॅकर्स आणि डब्ल्यू. टी. एम. जे. यांचा संबंध २०२२ साली संपला. मिलवॉकीच्याच दुसऱ्या एका केंद्राशी संघाने करार केला. जुन्या श्रोत्यांना नवा आकडा शोधून यंत्र लावावे लागले. ते लावल्यावर आवाज मात्र ओळखीचाच आला. १९९९ पासून वर्णन करणारे वेन लॅरिव्ही नव्या केंद्रावरही बोलत होते.