हवेवर तोललेली गाडी

१ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. शिरूर याच रस्त्यावर, घोड नदीच्या काठी. त्या वेळच्या ताफ्यात लाकडी सांगाड्याच्या ३६ बेडफर्ड गाड्या होत्या, आत काथ्याची आसनं. खाली पोलादी कमानपाटे. बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, एसटीची पहिली विजेवरची ‘शिवाई’ याच मार्गावर सोडण्यात आली. मधल्या काळात लाकडाच्या जागी पत्रा आला, डिझेलच्या जागी बॅटरी आली आणि वातानुकूलित बसच्या पोटाखाली पाट्यांऐवजी हवेच्या रबरी पिशव्या आल्या. गॅरेजात त्यांना ‘बेलो’ म्हणतात. आता हीच बेलो जुन्या आलिशान मोटारींना बसवून घ्यायची हौस पुणे जिल्ह्यात मूळ धरू लागली, तर तिला सर्वांत कडक परीक्षा घेणारा मुलूख शिरूर आणि दौंडचा. एका तालुक्यात मोटारींचा कारखाना, दुसऱ्यात रेल्वेचं जंक्शन आणि दोन्हींमध्ये उसाच्या ट्रॉल्यांनी दबलेले रस्ते.

हवेनं भार पेलणं इथल्या शेतकऱ्याला नवं नाही. बैलगाडीची लोखंडी धाव जाऊन टायर आले, तेव्हाच हवा ओझ्याखाली शिरली. टायरमधली हवा मात्र कोंडलेली असते. पंक्चरवाल्यानं सकाळी भरली तेवढीच दिवसभर. एअर सस्पेन्शनचं वैशिष्ट्य असं, की त्यातली हवा भाराप्रमाणे कमी-जास्त करता येते. मऊपणाची कीर्ती मोठी असली तरी या यंत्राचं खरं काम उंची राखण्याचं आहे.

पोलादाचं गणित

एक साधा हिशेब पाहा. गाडीचा हेलकावा सेकंदाला एक, इतका संथ हवा असेल, तर गाडीच्या वजनाखाली तिची स्प्रिंग सुमारे २५ सेंटिमीटर दबलेली असावी लागते. निसर्गाचा नियम आहे, त्याला कुठलीच कंपनी अपवाद नाही. आता त्या चाकांवरचा भार चाळीस टक्क्यांनी वाढला, म्हणजे मागे तीन माणसं बसली आणि डिकीत दोन पोती पडली, तर तीच स्प्रिंग आणखी १० सेंटिमीटर खाली जाईल. गाडीची मागची बाजू रस्त्याला टेकायच्या बेतात येईल. हे टाळायला स्प्रिंग कडक केली, तर एकटा माणूस गाडी चालवत असताना प्रत्येक खड्डा त्याच्या कण्यापर्यंत पोहोचतो. पोलादी स्प्रिंग बनवणाऱ्याला या दोहोंत कुठेतरी तडजोड करावी लागते.

हवेला ही तडजोड कमी करावी लागते. रॉबर्ट बॉईलनं १६६२ साली मांडलेला नियम शाळेत सगळ्यांनी घोकलेला असतो: तापमान तेच राहिलं, तर आकारमान निम्मं होताच दाब दुप्पट होतो. म्हणून बेलो जितकी दबते तितकी कडक होत जाते. भार वाढला की तिच्यात आणखी हवा सोडायची. दाब वाढतो, कडकपणाही त्याच प्रमाणात वाढतो, गाडी मूळ उंचीवर येते आणि हेलकाव्याचा वेग जवळपास पहिल्याइतकाच राहतो. एकटा बसा किंवा लग्नाचं वऱ्हाड भरा, गाडीची चाल फारशी बदलत नाही.

ही कल्पना प्रवासी मोटारीत उतरली ती १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूअममध्ये. मर्सिडीजनं १९६१ साली आपल्या ३०० एसईला हवेची बैठक दिली, १९६३ साली ६०० ला. त्यानंतर बराच काळ ही चैन दुर्मीळच राहिली. १९९८ च्या एस क्लासमध्ये ‘एअरमॅटिक’ या नावानं ती परत आली आणि मग वरच्या दर्जाच्या मोटारींत रुळली.

दौंडचा धडा

या यंत्राची शिस्त पाहायची तर मोटारींपेक्षा रेल्वे बरी. दौंड हे जुनं जंक्शन. मनमाडकडे जाणारा मार्ग इथून १८७८ साली सुरू झाला. मुंबई–सोलापूर वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ पासून दौंडवरूनच जाते आणि तिचे डबे हवेच्या स्प्रिंगवर तोललेले असतात. मुंबईच्या लोकलमध्ये २००७ पासून आलेल्या सीमेन्सच्या गाड्यांनाही याच स्प्रिंगा. रेल्वेला हवा का लागली, याचं उत्तर गर्दीत आहे. रिकामा डबा आणि दारात लोंबकळणारी माणसं घेतलेला डबा यांच्या वजनात प्रचंड फरक असतो, पण डब्याची जमीन फलाटाशी एकाच पातळीत राहिली पाहिजे.

त्यासाठी डबा आणि बोगी, म्हणजे डब्याखालचा चाकांचा सांगाडा, यांच्यामध्ये लेव्हलिंग व्हॉल्व असतो. एका दांडीला जोडलेली ही साधी तोटी. डबा खाली आला की दांडी वर ढकलली जाते आणि टाकीतली हवा स्प्रिंगमध्ये शिरते. माणसं उतरून डबा वर आला की जादा हवा बाहेर पडते. यात ना संगणक, ना मोबाईल. त्याहून शिकण्यासारखी गोष्ट पुढे आहे. स्प्रिंगमधली हवा अचानक गेली तर काय, याचं उत्तर रेल्वेनं आधीच देऊन ठेवलं आहे: असं झालं की इशारा देणारं आणि ब्रेक लावणारं उपकरण बोगीवर बसवलेलं असतं. शिवाय हवेच्या स्प्रिंगच्या आत आधाराला रबर असतं, त्यामुळे डबा आदळत नाही. गाडी वेग कमी करून पुढे नेता येते. थोडक्यात, हवा कधीतरी दगा देणार हे रेल्वेनं धरूनच चाललेलं आहे. खासगी गॅरेजात नेमकं हेच राहून जातं.

पिंपरीची मर्सिडीज

‘जुनी आलिशान सेडान’ म्हटलं की पुणे जिल्ह्यात एका गाडीचा मान पहिला. मर्सिडीज-बेंझनं १९९४ साली भारतात कंपनी काढली आणि १९९५ पासून टेल्कोच्या पिंपरीतल्या आवारात डब्ल्यू १२४ ही ई क्लास जोडायला सुरुवात केली. जर्मनीत या मॉडेलची सद्दी तेव्हा संपत आली होती. २००९ साली कंपनी चाकणला स्वतःच्या कारखान्यात गेली. शिरूर तालुक्यातल्या शिक्रापूरहून चाकणला थेट रस्ता आहे. खुद्द शिरूर तालुक्यात, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत, फियाट आणि टाटांचा भागीदारीतला कारखाना आहे. २०१७ पासून जीप कंपास तिथेच तयार होते.

डब्ल्यू १२४ हवेवर घ्यायला सोयीची आहे, ती तिच्या रचनेमुळे. बहुतेक मोटारींत पुढची स्प्रिंग शॉकअपभोवतीच गुंडाळलेली असते. तिथे हवा आणायची तर अख्खा स्ट्रट बदलावा लागतो. या गाडीत पुढची स्प्रिंग लोअर आर्म आणि चेसीस यांच्यामध्ये वेगळी बसते, शॉकअप वेगळा उभा असतो. मागेही तसंच. म्हणजे स्प्रिंग काढून तिच्या वाटीत बेलो बसवता येते आणि शॉकअप आपल्या जागी राहतो.

इथेच हिशेबाची पहिली फसगत होते. समजा, पुढच्या एका चाकावर ४०० किलो भार आहे. पण स्प्रिंग चाकाजवळ नाही, आर्मच्या आतल्या बाजूला आहे. आर्मच्या बिजागरीपासून दोन तृतीयांश अंतरावर ती असेल, तर तिच्यावर चाकाच्या दीडपट, म्हणजे ६०० किलो भार येतो. बेलोचा कामाचा व्यास १३ सेंटिमीटर धरला, तर तिचं क्षेत्रफळ सुमारे १३३ चौरस सेंटिमीटर होतं आणि दाब लागतो साडेचार किलो, म्हणजे ६४ पीएसआय. टायरमध्ये भरतो त्याच्या दुप्पट. व्यास १० सेंटिमीटरच निघाला तर तोच आकडा शंभरापलीकडे जातो. डोळ्यांच्या अंदाजानं आणलेली बेलो म्हणूनच एक तर दगडासारखी कडक लागते, नाही तर खड्ड्यात फाटते.

नळ, टाकी आणि पाणी

बाकीचं काम पुष्कळसं प्लंबरचं. डिकीत बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर, शेजारी टाकी, पुढे चार बेलोंसाठी व्हॉल्वचा ठोकळा आणि प्रत्येक चाकाकडे जाणारी नायलॉनची बारीक नळी. चारही कोपऱ्यांना वेगळा व्हॉल्व हवाच. पुढच्या दोन बेलो एकाच नळीवर जोडल्या, तर वळणावर बाहेरच्या बाजूची हवा दबून आतल्या बेलोत पळते आणि गाडी अधिकच कलते.

कॉम्प्रेसर भरपूर वीज ओढतो, म्हणून त्याची वायर थेट बॅटरीवरून, रिले घालून आणि बॅटरीजवळ फ्यूज ठेवून आणायची. हवा दाबली की तिच्यातलं बाष्प पाणी होऊन टाकीत साचतं, पावसाळ्यात जास्तच. वाटेत ड्रायर आणि टाकीच्या तळाशी पाणी सोडायचा नळ नसेल, तर हे पाणी व्हॉल्वपर्यंत जाऊन त्यांना गंज चढवतं. नळ्या सायलेन्सरपासून दूर न्यायच्या आणि पत्र्याच्या धारेवर रबरी कडं घालायचं.

बेलो बसवण्याआधी गाडी तपासून घ्यावी लागते. बुश फुटलेले, बॉल जॉइंट सैल आणि चेसीसला गंज असताना हवा भरणं म्हणजे भिंतीची ओल तशीच ठेवून रंग देणं. बसवल्यावर गाडी पूर्ण वर आणि पूर्ण खाली करून, दोन्ही टोकांना स्टिअरिंग पुरतं फिरवून पाहायचं. टायर कुठे घासतो का? बेलो आर्मला लागते का? गाडी वर गेल्यावर ब्रेकचा होज ताणला जातो का? रबराची बेलो कशालाही घासली, की किती महिने टिकेल एवढाच प्रश्न उरतो. शेवटी प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस. बुडबुडा दिसला की सांधा उघडून पुन्हा बसवायचा.

अलाइनमेंट करायचं ते गाडी रोज ज्या उंचीवर धावणार त्या उंचीवर. फोटोसाठी खाली बसवलेल्या गाडीची मागची चाकं वरून आत झुकतात आणि टायर आतल्या कडेनं झिजतात. हेडलाइटचा झोतही त्याच उंचीवर लावायचा. नाक वर झालेली गाडी रात्री समोरच्याचे डोळे दिपवते. नगर रस्त्यावर आणि सोलापूर रस्त्यावर रात्रीची वाहतूक पाहिलेल्यांना हे सांगायची गरज नाही.

रस्ता आणि कायदा

शिरूरहून न्हावरे, पारगावमार्गे चौफुल्याला जाणारा रस्ता दोन महामार्गांना जोडतो. न्हावऱ्याला घोडगंगा, पाटसला भीमा असे साखर कारखाने या पट्ट्यात आहेत. उसाच्या वाहतुकीनं डांबरावर चाकोऱ्या पडतात. त्यात गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर लांब हवा. गावोगावचे गतिरोधक हे मानक वाचून बांधलेले नसतात. हवेवरची गाडी अशा ठिकाणी पाच-सात सेंटिमीटर वर उचलता येते, हा तिचा खरा उपयोग. गाडी जमिनीला टेकवून उभी करणं हा नुसता थाट.

कायद्याकडे मात्र थाटानं पाहता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीतल्या बदलांना मर्यादा घालतं. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मधल्या निकालात, उत्पादकानं ठरवलेला मूळ तपशील मालकाला बदलता येणार नाही, अशी भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या १८२ अ कलमात परवानगीबाहेरच्या बदलाबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कारखान्यातूनच हवेवर आलेल्या एस क्लासला नवी बेलो बसवणं ही दुरुस्ती झाली. पोलादी स्प्रिंगच्या डब्ल्यू १२४ ला हवा देणं हा बदल आहे. तो करण्याआधी आरटीओकडे लेखी विचारणा आणि विमा कंपनीला लेखी कळवणं, ही पहिली दोन कामं, कॉम्प्रेसर नंतर.

करावं की नाही?

जुन्या एस क्लासच्या मालकांचा एक अनुभव सार्वत्रिक आहे. एका कोपऱ्यातून हवा बारीक गळू लागते, ती भरून काढायला कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा चालतो आणि एक दिवस जळतो. मालक कॉम्प्रेसरला शिव्या देतो. दोष असतो त्या कोपऱ्यातल्या रबराचा. नवा कॉम्प्रेसर घालून गळती तशीच ठेवली, तर तोही त्याच वाटेनं जातो. कंटाळून कित्येक जण हवा काढून पोलादी स्प्रिंगवर परत येतात.

म्हणून हा निर्णय पैशांपेक्षा सवयीचा आहे. जो माणूस महिन्यातून एकदा टाकीतलं पाणी सोडेल, दर सर्व्हिसला गाडी उचलून बेलोच्या घड्यांत चीर शोधेल, डॅशबोर्डवर चारही कोपऱ्यांच्या दाबाचे काटे लावून घेईल आणि हवा गेलीच तर गाडी ज्यावर टेकेल असे रबरी ठोकळे आधीच बसवेल, त्यानं ही हौस जरूर करावी. रेल्वे दौंडवरून जाणाऱ्या डब्यांसाठी याहून वेगळं काही करत नाही, फक्त ते चुकवत नाही. आणि गॅरेजवाल्याला शेवटचा हप्ता देण्याआधी एक परीक्षा घ्यावी. संध्याकाळी सपाट जागी गाडी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपनं मोजून लिहून ठेवावं. सकाळी गाडी चालू न करता पुन्हा मोजावं. आकडे जुळले तर पैसे द्यावेत. एखादा कोपरा बोटभर खाली गेला असेल, तर गाडी परत रॅम्पवर.