बैठक : ओझं कमरेनं नाही, पायांनी उचला

आज आपण बैठकीबद्दल बोलणार आहोत. महिन्याला होते ती गटाची बैठक नव्हे, तालमीत पैलवान मारतात ती बैठक.

तुम्ही म्हणाल, दिवसभर आम्ही कांद्याच्या वाफ्यात वाकतो, गवताचा भारा डोक्यावर आणतो, आणखी व्यायाम कशाला? महाळुंगे पडवळात आम्हीही हेच म्हणत होतो. पण राबून पाय मजबूत होत असते, तर चाळिशीतच जमिनीवरून उठताना गुडघ्यावर हात का टेकावा लागतो?

याचं उत्तर आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या एका मुलीकडे बघून कळतं. वडगाव मावळची हर्षदा गरुड. मे २०२२ मध्ये ग्रीस देशात ज्युनियर गटाची जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धा झाली. तिथं ४५ किलो वजनी गटात हर्षदानं सुवर्णपदक मिळवलं. या स्पर्धेत सोनं जिंकणारी ती पहिली भारतीय. स्नॅच प्रकारात तिनं ७० किलो उचलले आणि क्लीन अँड जर्कमध्ये ८३ किलो. युरियाची एक गोणी ४५ किलोची असते. म्हणजे एका गोणीएवढ्या वजनाच्या मुलीनं जवळजवळ दोन गोण्या डोक्याच्या वर धरल्या!

बघणाऱ्याला वाटतं, ही दंडाची ताकद. खरं काम पाय करतात. क्लीन अँड जर्कमध्ये खेळाडू जमिनीवरचा बार खेचते, झटकन त्याच्याखाली पूर्ण बसते, तो खांद्यावर झेलते आणि मग उठून उभी राहते. पायांत जोर नसेल, तर बसलेलं माणूस उठणारच नाही. म्हणून वेटलिफ्टिंगच्या सरावात खांद्यावर बार घेऊन बैठका मारणं कधी चुकत नाही. मांड्या, कुल्ले आणि पाठीचा कणा धरून ठेवणारे स्नायू त्यातूनच भरतात.

मग तिच्या कष्टात आणि आपल्या कष्टात फरक काय? फरक तीन गोष्टींचा. एक, तिचं वजन ठरवून थोडं थोडं वाढतं. आपलं ओझं वर्षानुवर्षं तेच, फक्त तास जास्त. दोन, ती मोजकं उचलते आणि मग विश्रांती घेते. स्नायू कामाच्या वेळी झिजतो आणि विश्रांतीत भरून निघतो. आपल्याला ती मिळतच नाही. तीन, ती पोटभर सकस खाते. आपण सगळ्यांना वाढून उरलेलं खातो. नुसत्या कष्टानं माणूस थकतं. कष्ट, अन्न आणि आराम एकत्र आले की ताकद येते.

आता बैठक कशी मारायची ते ऐका. सुरुवात ओट्यापासून किंवा खुर्चीपासून करा. ओट्याकडे पाठ करून उभ्या राहा. पाय खांद्याएवढे फाकवा, चवडे किंचित बाहेर. श्वास घ्या, छाती पुढे ठेवा आणि मागं बसायला जातोय असं कुल्ले मागं न्या. ओट्याला टेकलात की श्वास सोडत उठा. गुडघे एकमेकांकडे झुकू देऊ नका, ते पायाच्या बोटांच्या दिशेनंच राहू द्या. तालमीतल्या बैठकीत टाचा उचलतात. वजन घ्यायचं असेल, तेव्हा मात्र टाचा जमिनीला टेकलेल्याच हव्यात.

आठ बैठका, मग दोन मिनिटं थांबा. अशा तीन फेऱ्या, एक दिवसाआड. बारा बैठका सहज जमू लागल्या की ओटा सोडून मोकळ्या बसा. तेही जमलं की पाण्याची दोन लिटरची बाटली छातीशी धरा. ते झालं दोन किलो. पुढं पाच किलो धान्याची पिशवी. घाई करायची नाही.

याचा उपयोग दुसऱ्याच दिवशी शेतात दिसेल. टोमॅटोचं क्रेट उचलताना पाय ताठ ठेवून कमरेतून वाकू नका. क्रेटजवळ जा, गुडघ्यात बसा, ते अंगाशी घ्या आणि पायांच्या जोरावर उठा. वळायचं असेल तर पाय उचलून वळा, कंबर पिळू नका.

खाण्याला महागडी पावडर लागत नाही. मोड आलेली मटकी, हरभरा, शेंगदाणे, दूध, चालत असेल तर अंडं. पण ते आपल्याही ताटात यायला हवं. थोड्या कामानंही धाप लागत असेल, तर आधी आशाताईंना सांगून हिमोग्लोबिन तपासून घ्या.

आणखी एक गोष्ट, जी बायका दबक्या आवाजात बोलतात. अंग खाली उतरल्यासारखं वाटत असेल, खोकताना लघवी सुटत असेल, बाळंतपण नुकतंच झालं असेल किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वजन घेऊन बैठका मारू नका. लाज धरून दुखणं वाढवू नका. यावर उपचार आहेत. मांड्या दुखल्या तर काही दिवसांत थांबतात. गुडघा सुजला किंवा कमरेतून पायात कळ गेली, तर व्यायाम बंद करून दाखवून या.

आता लेकींबद्दल. वजन उचललं की मुलगी पुरुषी दिसते, तिची उंची खुंटते, असं आपण ऐकत आलो. नीट शिकवणाऱ्याच्या हाताखाली, बेताच्या वजनानं केलेल्या सरावानं उंची खुंटत नाही. आणि बाईच्या शरीरात पुरुषी संप्रेरक फार थोडं असतं, त्यामुळं तिचं अंग पैलवानासारखं फुगत नाही, घट्ट होतं. ऑलिंपिकमध्ये बायकांचं वेटलिफ्टिंग २००० साली सिडनीला सुरू झालं आणि त्याच वर्षी कर्णम मल्लेश्वरीनं कांस्यपदक आणलं. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तेव्हा लेकीला ही आवड असेल तर अडवू नका. फक्त मोठं वजन तिनं एकटीनं, शिकवणाऱ्याशिवाय उचलू नये.

पुढच्या गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की सगळ्याजणी उठा आणि आठ बैठका मारा. सासूबाईंनी ओट्याला धरून मारल्या तरी चालतील. म्हातारपणी कुणाचा हात न धरता जमिनीवरून उठता यावं, ही शिल्लकसुद्धा आजपासूनच टाकायची असते.

भेटूया पुढच्या भागात. रामराम.