आधी वहीत सही करा!

मैत्रिणींनो, आमच्या गल्लीत सगळ्यांची मिळून एक बोअरवेल आहे. पाण्याच्या पाळ्या ठरल्या, वर्गणी ठरली, वहीत सगळ्यांनी सह्या केल्या. कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या वहिनी तेवढ्या राहिल्या. "आमचं काय अडलंय?" म्हणाल्या. परवा एकीने पाळी मोडली, तर पहिला आवाज वहिनींचाच, "नियम म्हणजे नियम!" ती फटकन म्हणाली, "आधी वहीत सही करा, मग बोला."

मला एकदम अमेरिका आठवली. हसू नका!

समुद्राचीही अशीच एक वही आहे. संयुक्त राष्ट्रांचा १९८२चा सागरी कायद्याचा करार. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल देशाचा स्वतःचा समुद्र. २०० मैलांपर्यंत, म्हणजे साधारण ३७० किलोमीटर, तिथल्या मासळीवर आणि खनिजांवर त्याच देशाचा हक्क. देशांच्या हद्दींपलीकडच्या खोल तळातली खनिजं मात्र साऱ्या मानवजातीची. या वाटणीसाठी वर्षानुवर्षं झटलेल्यांत एक बाई होत्या, एलिझाबेथ मान बोर्गेस. त्यांना 'समुद्रांची आई' म्हणत.

सुमारे १७० सदस्य या करारात आहेत. भारताने १९९५ साली त्याला मान्यता दिली. अमेरिका मात्र बाहेरच. तळातल्या खनिजांचे नियम रेगन यांना पटले नाहीत. १९९४ साली ते नियम बदलले, तरी गाडी अडली ती सिनेटमध्ये. तिथे दोनतृतीयांश मतं लागतात. २००४ आणि २००७ साली समितीने होकार दिला, पण पूर्ण सभागृहात मतदान झालंच नाही. २०१२ साली ३४ सदस्यांनी विरोध जाहीर केला आणि विषय मिटला.

विरोधकांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. खनिजांच्या उत्पन्नातला वाटा बाहेरच्या संस्थेला का द्यायचा? एवढं मोठं आरमार असताना कागद कशाला? पण २०१६ साली लवादाने दक्षिण चिनी समुद्राच्या वादात फिलिपिन्सच्या बाजूने निकाल दिला तो याच कराराखाली. तो पाळा, असं अमेरिका चीनला बजावते. मग "तुमची सही कुठंय?" हे ऐकून घ्यावंच लागतं. त्यात एप्रिल २०२५मध्ये ट्रम्प यांनी आपल्याच देशाच्या कायद्याने खोल समुद्रातल्या खाणकामाचे परवाने देण्याचा आदेश काढला. म्हणजे पाळी मोडायची तयारीच की!

आपल्याला काय त्याचं? आहे ना! गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने १९८१ साली समुद्रतळावरून धातूंचे गोळे वर काढले होते. आज हिंद महासागरातला ७५ हजार चौरस किलोमीटरचा पट्टा अशा गोळ्यांच्या शोधासाठी भारताकडे आहे, तो या वहीच्या नियमाने. उद्या दांडग्यांनी वहीच बाजूला सारली, तर आपली पाळी कोण राखणार?

म्हणून मला वाटतं, अमेरिकेने सही करावी. वर्गणी वाचते खरी, पण शब्दाला वजन राहत नाही.

आणि आमच्या वहिनी? रविवारी मिटिंग आहे. वही मी मुद्दाम त्यांच्यासमोरच ठेवणार आहे. पेन उघडून!