माळव्याचं वैर, हडपसरचं मैदान

खडकी आणि कोरेगावच्या लढाया पुणेकरांच्या तोंडी असतात. हडपसर म्हटलं की आठवतो तो गाडीतळ, मगरपट्टा, नाहीतर सोलापूर रस्त्यावरची कोंडी. पण पेशवाईचा खरा निकाल १८१७-१८ मध्ये लागलाच नाही. तो २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीच्या दिवसांत, हडपसर, घोरपडी आणि वानवडीच्या मोकळ्या रानात लागला, असं माझं मत आहे. आणि ती लढाई मुळात पेशव्यांची नव्हतीच.

वैर होतं शिंदे-होळकरांचं. ऑगस्ट १७९७ मध्ये तुकोजी होळकर वारले आणि त्यांच्या मुलांत फूट पडली. दौलतराव शिंद्यांनी थोरल्या काशीरावाची बाजू उचलली. त्यांच्या सैन्याने सप्टेंबरात पुण्याजवळच्या छावणीवर घाला घालून मल्हारराव होळकरांना ठार केलं. त्यांचे भाऊ यशवंतराव आणि विठोजी निसटले. पुढचा हिशेब माळव्यात चालला: १८०१ च्या जुलैत यशवंतरावांनी शिंद्यांचं उज्जैन लुटलं, ऑक्टोबरात शिंद्यांच्या बाजूने सर्जेराव घाटग्यांनी होळकरांचं इंदूर लुटलं.

दुसऱ्या बाजीराव पेशव्यांना यातून अंग काढून घेता आलं असतं का? नाना फडणीस १८०० च्या मार्चमध्ये गेले होते, गादीला शिंद्यांचा टेकू होता, म्हणजे अवघडच होतं. पण जे केलं ते करायची सक्तीही कुणी केली नव्हती. पंढरपूरच्या बाजूला बंड करणारे विठोजी होळकर पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्या हाती लागले. १६ एप्रिल १८०१ रोजी शनिवारवाड्यासमोर त्यांना हत्तीच्या पायी दिलं गेलं आणि पेशवे ते बघत बसले. त्या दिवसापासून शेजारचं भांडण घरचं झालं.

यशवंतराव दक्षिणेत उतरले तेव्हा त्यांच्या मागण्या मोजक्या होत्या: मल्हाररावांचा मुलगा खंडेराव शिंद्यांच्या कैदेतून सोडवा, होळकरांचा मुलूख परत द्या. तडजोड झाली नाही. दौलतराव स्वतः उत्तरेतच होते. हडपसरला त्यांची फौज सदाशिवराव बक्षींच्या हाताखाली लढली. दोन्हीकडे कवायती पलटणी आणि गोरे अधिकारी, शिंद्यांकडे डॉज, होळकरांकडे व्हिकर्स आणि हार्डिंग. यशवंतराव स्वतः घोडदळ घेऊन तोफांवर तुटून पडले आणि लढाई फिरली. बाजीराव सिंहगडाकडे निघाले.

त्या दिवशी रणांगणापेक्षा महत्त्वाची गोष्ट घडली ती कागदावर. ईस्ट इंडिया कंपनीची तैनाती फौज बाजीरावांनी वर्षानुवर्षं टाळली होती. लढाईच्याच दिवशी त्यांच्या कारभाऱ्याने कंपनीचे रेसिडेंट कर्नल क्लोज यांच्याकडे ती मान्य असल्याचा मसुदा पोहोचवला. कलकत्त्याला गव्हर्नर जनरल वेलस्ली अशाच दिवसाची वाट पाहत होते. गंमत म्हणजे जिंकलेल्या यशवंतरावांनीही क्लोजना पुण्यात ठेवून घेतलं, मध्यस्थी करा म्हणून! बाजीराव महाडमार्गे किनाऱ्यावर आणि तिथून इंग्रजांच्या जहाजाने वसईला पोहोचले. ३१ डिसेंबरच्या तहाने सहा हजारांचं पायदळ कायमचं आलं, त्याच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख गेला आणि कंपनीला विचारल्याशिवाय कुणाशी लढाई-सलूख करायची मुभाही गेली.

दीडशे कोसांवरच्या वैरापायी दिल्लीपर्यंत दबदबा असलेली सत्ता परक्याच्या दारात कशी गेली, याचं नवल कुर्दांचा इतिहास वाचताना कमी होतं. इराकी कुर्दिस्तानात १९९४ पासून मसूद बारझानी आणि जलाल तालबानी यांचे पक्ष एकमेकांशी लढत होते. तालबानींना इराणची मदत मिळतेय म्हटल्यावर बारझानींनी थेट सद्दामलाच बोलावलं. १९८३ मध्ये ज्याने बारझानी कुळातले हजारो पुरुष नाहीसे केले, त्याच सद्दामचे रणगाडे ३१ ऑगस्ट १९९६ रोजी अर्बिलमध्ये शिरले. पुढे सीरियातलं यादवी युद्ध पेटलं, २०१२ मध्ये असदच्या फौजा उत्तरेतून मागे सरल्या आणि तिथल्या कुर्दांना अचानक स्वतःचा कारभार मिळाला. त्यानंतरही बारझानींच्या पक्षाने सीमेवर चर खणला, तो त्याच कुर्दांना अडवायला. पुण्याच्या गोष्टीशी फरक एवढाच, की इराकी फौज अर्बिलमधून लवकर बाहेर पडली. कंपनीची पुण्यातून पडली नाही.

१३ मे १८०३ रोजी बाजीराव इंग्रजी संगिनींच्या पहाऱ्यात परतले. त्या सप्टेंबरात असईला शिंदे आणि नागपूरकर भोसले गव्हर्नर जनरलच्या भावाशी, आर्थर वेलस्लीशी लढले, तेव्हा होळकर बाजूला उभे राहिले. जुना राग आडवा आला. १८०४ मध्ये त्यांची पाळी आली. हडपसर जिंकून देणाऱ्या व्हिकर्सने इंग्रजांवर शस्त्र धरायला नकार दिला, आणि यशवंतरावांनी त्याचं डोकं उडवलं.